अकरा दिवस

परवा लेकीची बॅग गाडीत टाकायला उचलली. वजनाला फार नाही, पण उभी धरली तर माझ्या छातीला लागते. आत फॉइल (दोन, कारण एक बिघडतं), जाळीचा मास्क, पांढरं जाकीट, त्यावर घालायचं धातूच्या धाग्यांचं दुसरं जाकीट, वायरी आणि एक हातमोजा. एकच, बरं का मंडळी. जोडीतला दुसरा कुठे हरवला म्हणून मी एकदा घरभर शोधून आलो होतो, तर कळलं की तलवारीच्या हातालाच मोजा असतो. :)

तीन वर्षं ती तलवारबाजी शिकते आहे. पुढच्या वर्षी दहावी. तेव्हा आपल्याकडच्या तमाम बापांप्रमाणे मीही मागच्या आठवड्यात जेवताना विषय काढला, की आता हे जरा बाजूला ठेवूया का, नाहीतरी यातून पुढे काय? ती भांडेल अशी माझी तयारी होती. ती भांडली नाही. भाताचा घास घेता घेता शांतपणे म्हणाली, "बाबा, फॉइलमध्ये कुठे टोचलं की पॉइंट मिळतो, तुला माहितीये?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं फी भरतोय, बॅग उचलतोय, कोलशेतहून कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून ने-आण करतोय, पण एकही लढत मी नीट पाहिलेली नव्हती. स्पर्धेला आई जायची. मी गाडी पार्क करून फोनवर हापिसचं काम करत बसायचो.

तर रात्री वाचायला बसलो. जे वाचलं ते इथे लिहून ठेवतोय. आत्याला आणि कराडच्या मंडळींना यातला दुसरा भाग जास्त आवडेल, पण पहिला वगळू नका.

आधी उत्तर. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचं. हात, पाय बाद. आणि फक्त टोकाने, धारेने नाही, कारण धार नसतेच. आपल्या डोक्यात तलवार म्हटली की भवानी नाहीतर दांडपट्टा येतो, म्हणजे सपकन फिरणारं पातं. फॉइल म्हणजे दाभणाचा थोरला भाऊ. पातं नव्वद सेंटीमीटर, अख्खं हत्यार अर्ध्या किलोच्या आत, आणि पातं इतकं लवचीक की टोचल्यावर धनुष्यासारखं वाकतं. दोघांनी एकाच वेळी टोचलं तर ज्याची चाल आधी होती त्याला गुण. दुसऱ्याने आधी ती चाल अडवायची, मगच उलटा वार करायचा. म्हणजे नुसतं चपळ असून भागत नाही, आपली पाळी कधी ते कळावं लागतं. बायकांना ऑलिंपिकमध्ये कित्येक दशकं फॉइल एवढंच खेळायला मिळायचं. एपे १९९६ साली आलं, सेबर २००४ साली.

हे वाचता वाचता एक नाव समोर आलं. लुआन जूजिए.

लुआनचा जन्म १९५८ साली चीनमधल्या नानजिंगचा. शाळकरी वयात ती आधी दुसरे खेळ खेळायची, मग क्रीडाशाळेत तिच्या हातात फॉइल आलं. हा खेळ तिथे तेव्हा अगदी नवखा. फ्रान्स, इटली, हंगेरी, रशिया यांची मक्तेदारी, आणि आशियाई माणसाला त्यात कुणी जमेस धरत नसे. वन ग्वोगांग नावाच्या प्रशिक्षकाने तिला घडवलं. ती डावखुरी. या खेळात ही मोठी सोय असते, कारण समोरच्याला सवय उजव्या हाताची असते.

मार्च १९७८. माद्रिदला ज्युनिअर जागतिक स्पर्धा. लुआन १९ वर्षांची. एका रशियन मुलीशी लढत चालू असताना समोरचं पातं मोडलं. पातं मोडलं की ते बोथट राहत नाही, तुटलेलं टोक सुरीसारखं होतं. ते लुआनच्या डाव्या दंडात घुसलं आणि आरपार गेलं. ज्या हातात फॉइल धरायचं तोच हात. ती थांबली नाही. तो हात घेऊन पुढे लढली आणि रौप्यपदक घेऊनच उपचारांना गेली.

हे वाचून आमच्या घरी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "म्हणजे हे असं होतं?" असं म्हणून लेकीची आई माझ्याकडे बघू लागली. म्हणून पुढचंही सांगतो. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव्ह, १९८० चा ऑलिंपिक विजेता, अशाच मोडलेल्या पात्याने गेला. पातं मास्कची जाळी भेदून आत शिरलं होतं. त्यानंतर या खेळाने आपलं सगळं सामान बदललं. पात्यांना सहजासहजी न तुटणारं पोलाद आलं, मास्कच्या जाळ्या मजबूत झाल्या, जाकिटांत बुलेटप्रूफ कपड्यासारखे धागे आले. आज माझी लेक जे जाकीट घालून कुरकुरते ("बाबा, काय उकडतं यात!") त्यामागे हा इतिहास आहे.

माद्रिदनंतर चीनमध्ये लुआनवर एक मोठा लेख लिहिला गेला आणि तिचं नाव घरोघरी पोचलं. १९८१ च्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम फेरीत पश्चिम जर्मनीच्या कॉर्नेलिया हानिशच्या मागे दुसरी आली. आणि मग ३ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. ऑलिंपिकची अंतिम लढत, समोर पुन्हा तीच हानिश. तेव्हा बायकांची लढत आठ गुणांची असायची. लुआनने ती ८-३ अशी जिंकली. तलवारबाजीतलं आशियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

ती तारीख वाचून मी थांबलो. ऑगस्ट १९८४ हा महिना आमच्या घरात वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलेला आहे.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दादा, म्हणजे माझे वडील, कोलशेत रोडवरच्या एका केमिकल कंपनीत होते आणि आम्ही जवळच चाळीत राहायचो. आजचं कोलशेत पाहणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण तेव्हा टॉवर नव्हते. खाडी, रेती बंदर, आगरी-कोळ्यांची घरं, एअरफोर्सचं कुंपण आणि कंपनीचा भोंगा. चाळीत टीव्ही एकच. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं ती ८ ऑगस्टची शर्यत. त्यावर मोठी माणसं किती दिवस हळहळत होती ते आठवतं. त्या वर्षी भारताला एकही पदक नाही. लुआनचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

१५ ऑगस्टला शाळेतलं झेंडावंदन करून, हातात चिक्की घेऊन घरी आलो, तर कराडकडचे एक पाहुणे आलेले. दादा उंबऱ्यात बसलेले. पाहुणे म्हणाले, "खाशाबा गेले. काल. अपघात झाला." मी विचारलं, कोण खाशाबा? दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं, कोण शिवाजी महाराज?

मग त्यांनी सांगितलं. १९५२ साली ते नऊ वर्षांचे होते. खाशाबा दादासाहेब जाधव हे गोळेश्वरचे, कराडला लागून असलेल्या गावचे. फिनलंडमधल्या हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन ते कराड स्टेशनवर उतरले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. दादा आजोबांच्या खांद्यावर बसून गाड्या मोजत होते. "साठाच्या पुढे मोजदाद चुकली," म्हणायचे. ही चूक त्यांना आयुष्यभर खटकत राहिली.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ चं लिअँडर पेसचं. आणि महाराष्ट्राच्या माणसाला पुन्हा वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. ७२ वर्षांनी.

आता तारखा बघा. लुआनचं सुवर्ण ३ ऑगस्टला. खाशाबा गेले १४ ऑगस्टला. मध्ये अकरा दिवस. लॉस एंजेलिसचे खेळ संपून दोन दिवस झाले होते.

हा निव्वळ योगायोग आहे, मान्य. पण दुसरा एक दुवा सापडला आणि मी रात्री दीडला उठून लाईट लावला. १९५२ च्या त्याच हेलसिंकीला नव्या चीनचा संघही निघाला होता. तो पोचला इतका उशिरा की स्पर्धा उरकत आलेल्या. वू च्वान्यू नावाचा एकच जलतरणपटू कसाबसा पाण्यात उतरू शकला, तोही ३० जुलैला. खाशाबांनी पदक जिंकलं २३ जुलैला. म्हणजे त्या आठवड्यात आपल्याकडे पदक होतं आणि चीनकडे एक ओला झालेला माणूस! पुढे राजकारणामुळे चीन उन्हाळी ऑलिंपिकपासून दूर राहिला तो १९८४ पर्यंत. परतला तेव्हा त्याने १५ सुवर्णं नेली, त्यातलं एक लुआनचं. आपण शून्य.

याचं कारण काय, यावर पानंच्या पानं लिहून झाली आहेत. त्यांची शिस्त, त्यांची सक्ती, आपली अनास्था वगैरे. मला त्यात पडायचं नाही. मी फक्त दोन लढती शेजारी ठेवून पाहिल्या.

खाशाबा १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरले. लाल मातीत वाढलेला पैलवान, पायाखाली गादी, नियम परके, तरी सहावे आले. १९५२ ला निवडीसाठीच झगडावं लागलं. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून कुस्ती पुन्हा लावून घ्यावी लागली. निवड झाली तर प्रवासाचे पैसे नाहीत. गावातून वर्गणी निघाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! माझ्या मनात सारखं येतं, की खर्डेकरांनी घरी हे सांगितलं कसं असेल? एका विद्यार्थ्यासाठी, तेही कुस्तीसाठी.

हेलसिंकीत खाशाबा कॅनडा, मेक्सिकोच्या मल्लांना हरवत पुढे गेले. मग जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती लागली. ती लांबली, दमछाक झाली आणि इशी जिंकला. पुढे सुवर्ण त्यालाच मिळालं. ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध उतरायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. नियम होता, पण तो दाखवून भांडायला मॅटच्या कडेला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. सुवर्ण किंवा रौप्य होऊ शकलं असतं ते कांस्य झालं.

माद्रिदला दंडातून पातं आरपार गेलेलं, हेलसिंकीला छातीचा भाता झालेला. दोघंही थांबले नाहीत. जिगर मोजायचं यंत्र असतं तर दोघांचा काटा सारखाच दिसला असता. फरक होता तो कडेला कोण उभं आहे यात. लुआनच्या मागे क्रीडाशाळा होती, प्रांताचा संघ होता, वर्षानुवर्षं तिलाच घडवत बसलेला प्रशिक्षक होता. माद्रिदनंतर सहा वर्षांनी ती पुन्हा तशाच एका अंतिम लढतीत उभी राहू शकली, कारण मधली सहा वर्षं कुणीतरी तिचं जेवण, तिचा दंड, तिचा सराव बघत होतं. खाशाबांच्या मागे एक गहाण पडलेलं घर होतं. परत आल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्या लावल्या आणि त्यातून आलेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचं कर्ज फेडलं. २६ वर्षांचा ऑलिंपिक पदकविजेता कर्ज फेडण्यासाठी आखाड्यात उतरत होता. पुढे १९५५ साली ते पोलिसांत फौजदार म्हणून लागले, सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी झगडले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. बैलगाड्यांपासून क्रीडा दिनापर्यंत सगळं आहे. मधली बत्तीस वर्षं तेवढी रिकामी.

आता लुआनचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल मी चीनची जाहिरात करतोय. ज्या व्यवस्थेने तिला घडवलं ती सोडून ती कॅनडात गेली, एडमंटनला. तिथल्या क्लबात मुलांना तलवारबाजी शिकवू लागली. २००० साली सिडनीला कॅनडाकडून खेळली. आणि २००८ साली, वयाची पन्नाशी गाठलेली लुआन बीजिंग ऑलिंपिकला पात्र ठरली. पुन्हा कॅनडाच्या पोशाखात, पण तिच्या जन्मभूमीत. आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरींसमोर. पहिली लढत तिने ट्युनिशियाच्या मुलीविरुद्ध जिंकली, दुसरी हंगेरीच्या खेळाडूविरुद्ध हरली. मग तिने लाल कापडाचा एक फलक उलगडून प्रेक्षकांना दाखवला. त्यावर चिनी अक्षरं होती, अर्थ साधारण असा की, मायदेशा, तू बरा आहेस ना?

माझ्या लेकीने विचारलेला प्रश्न कुठला आणि मी विचारलेला कुठला, याचा विचार करताना मला ही पन्नाशीची बाई सारखी आठवते. "यातून पुढे काय?" हा माझा प्रश्न. सुवर्ण मिळून २४ वर्षं झालेल्या बाईला यातून पुढे काय मिळणार होतं? दुसऱ्या फेरीतला पराभव मिळाला. पण घरच्या माणसांसमोर खेळायला मिळालं. तिला बहुधा तेवढंच हवं होतं.

आपल्या देशातून तलवारबाजीत ऑलिंपिकला पोचलेली पहिली खेळाडू चेन्नईची भवानी देवी. टोकियोला, २०२१ साली, सेबर या प्रकारात. सुरुवातीला ती बांबूच्या काठ्यांनी सराव करायची. तीही पहिली लढत जिंकली (गंमत म्हणजे समोर ट्युनिशियाचीच मुलगी!) आणि दुसरी हरली. हे नाव मला लेकीकडून कळलं. तिच्या कपाटाच्या दाराला आतून भवानी देवीचा फोटो चिकटवलेला आहे. हेही मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

दादा आज असते तर काय म्हणाले असते? त्यांना फॉइल बघून हसू आलं असतं, हे नक्की. "ही कसली तलवार? हिनं तर मुळा बी कापायचा न्हाई." मग त्यांनी लेकीला कुस्तीतला एखादा पवित्रा दाखवला असता आणि दोघांचं छान जमलं असतं. पण १५ ऑगस्ट १९८४ ला उंबऱ्यात बसून ते शेवटी जे बोलले ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ते म्हणाले होते, "मिरवणुकीला अख्खा तालुका होता रे. तिकडं तेवढं एक माणूस पायजे होतं."

मला वाटलं होतं, त्यांना अपघाताबद्दल काहीतरी म्हणायचं आहे. ते हेलसिंकीच्या मॅटबद्दल बोलत होते.

असो. येत्या शनिवारी लेकीची जिल्ह्याची स्पर्धा आहे. हापिसात रजा टाकली आहे. दहावीचं आम्ही स्पर्धेनंतर बोलू. कदाचित ती चालू ठेवेल, कदाचित स्वतःच एक वर्ष थांबू म्हणेल. पण आधी मी बघणार आहे की ती खेळते कशी. कडेला उभा राहणार आहे. ओरडायचं नाही, फोन काढायचा नाही आणि "मार, मार" म्हणायचं नाही (फॉइलने मारत नाहीत, टोचतात, बाबा!) अशी सक्त ताकीद मिळाली आहे. आणि दुसरं फॉइल हातात तयार ठेवायचं, कारण एक बिघडतं.

हे मला जमेल असं वाटतंय.